भावाचा बी२७ आणि बहिणीचा बी२७

सकाळी मोजे घालता येत नाहीत, ही त्याची पहिली तक्रार होती. वय २७. पलंगाच्या कडेला बसून पाय गुडघ्यावर घ्यायला जावे, तर कंबर लाकडासारखी ताठ. तासभर इकडेतिकडे फिरले, एक-दोनदा जिना चढून उतरले, की तोच पाय सहज वर यायचा.

त्याच्याबरोबर आलेल्या बहिणीला काहीच होत नव्हते. वय २३, दुखणे नाही, ताप नाही, झोप उडालेली. तिच्या हातात चार घड्या घातलेला तपासणीचा कागद होता, आणि त्यावर ठळक अक्षरांत भावाच्या कागदावर होता तोच शब्द होता: पॉझिटिव्ह.

हे एकाच कुटुंबाचे जसेच्या तसे चित्र नाही. अशी कुटुंबे ज्या वळणांवर पुन्हा पुन्हा अडतात, ती वळणे एकत्र करून ही दोन भावंडे उभी केली आहेत. वैद्यकीय माहिती मात्र जशी आहे तशीच दिली आहे. एचएलए-बी२७ ही पेशींवरची, वारशाने येणारी खूण शोधणाऱ्या तपासणीचा कागद हातात घेऊन घाबरलेली माणसे मी सतत पाहतो, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

भावाचे दुखणे

दुखणे पंचविसाव्या वर्षी सुरू झाले. एकदम नाही, हळूहळू. कधी उजव्या कुल्ल्यात खोल ठणका, काही आठवड्यांनी डाव्या. पहाटे तीन-साडेतीनला जाग यायची आणि कूस बदलताना तोंडातून आवाज निघायचा. उठून घरातल्या घरात फेऱ्या मारल्या की आराम पडायचा. दिवसभर हालचाल असली की दिवस बरा जायचा, सुटीच्या दिवशी लोळत पडले की संध्याकाळ वाईट.

सुरुवातीला ज्या ठिकाणी त्याने दाखवले, तिथे कमरेच्या मणक्यांचा एमआरआय झाला. त्यात एका गादीचा किंचित फुगवटा दिसला. दुखण्याला कारण सापडले असे सगळ्यांना वाटले आणि त्याला सक्तीची विश्रांती सांगितली. तीन आठवडे तो पडून राहिला आणि पार आखडून गेला.

विशीतल्या, कधीच कंबर न दुखलेल्या लोकांचे एमआरआय काढले तरी जवळपास तिघांतल्या एकाच्या गादीत असा फुगवटा दिसतो. चित्रात काहीतरी दिसणे आणि तेच दुखण्याचे कारण असणे, यांत मोठे अंतर आहे. हे वाक्य लक्षात ठेवावे, कारण बहिणीच्या बाबतीत नेमके हेच पुन्हा घडणार आहे, फक्त चित्राच्या जागी जनुक येणार आहे.

त्याची दिशा बदलली ती डोळ्यामुळे. एका सकाळी उजवा डोळा लालभडक, आत दुखणारा, उजेड सहन न होणारा. डोळे आल्यावर चिपडे येतात, तशी काही नव्हती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी यंत्रातून पाहिले, बुबुळाच्या पुढच्या पोकळीत दाहाच्या पेशी तरंगताना दिसल्या, आणि थेंब लिहून देता देता त्यांनी विचारले, "कंबर दुखते का हो तुमची?" दोन वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवल्या होत्या. डोळ्याच्या पुढच्या भागाचा असा अचानक उठणारा युव्हिआयटिस, म्हणजे डोळ्याच्या आतला दाह, ज्यांना होतो, त्यांच्यातल्या साधारण निम्म्या लोकांत बी२७ सापडतो. त्यांनीच ती तपासणी लिहून दिली आणि त्याला संधिवाताच्या डॉक्टरांकडे पाठवले.

माझ्यासमोर तो उभा राहिला तेव्हा मी त्याच्या कमरेवर पेनाने दोन खुणा केल्या, दहा सेंटीमीटर अंतरावर. मग त्याला गुडघे न वाकवता पुढे वाकायला सांगितले. निरोगी तरुण माणसात वाकल्यावर हे अंतर पंधराच्या आसपास जाते, कारण मणके एकमेकांपासून उघडतात. त्याची टेप तेराला थांबली. तो वाकत होता तो खुब्यातून, पाठ जवळजवळ सपाटच राहिली होती. पाठीचा कणा ओटीपोटाच्या हाडांना जिथे टेकतो त्या दोन सॅक्रोइलिॲक सांध्यांवर दाबल्यावर तो दचकला. एक्स-रेमध्ये ते सांधे जवळपास ठीक दिसत होते. एमआरआयमध्ये मात्र सांध्याच्या दोन्ही काठांची हाडे आतून सुजलेली होती. आधीचा एमआरआय मणक्यांचा होता, त्याच्या चौकटीत हे सांधे आलेच नव्हते.

निदान झाले: ॲक्सियल स्पॉन्डिलोआर्थ्रायटिस, म्हणजे कण्याच्या आणि सॅक्रोइलिॲक सांध्यांचा दाह. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस या नावाने लोक जो आजार ओळखतात, त्याच कुळातला, अजून एक्स-रेवर न उमटलेला.

आता या निदानात बी२७चा वाटा किती, ते पाहू. नुसती कंबर महिनोन् महिने दुखणाऱ्या शंभर लोकांत हा आजार साधारण पाच जणांना असतो. दुखण्याची तऱ्हा त्याच्यासारखी असेल, म्हणजे सकाळी ताठरपणा, रात्रीच्या उत्तरार्धात जाग, हालचालीने आराम, तर शंभरातले चौदा. त्यात बी२७ पॉझिटिव्ह आला तर साठाच्या जवळपास. मग डोळा आणि एमआरआय यांची भर पडल्यावर शंकेला जागा उरत नाही. बी२७ने येथे मोलाचे काम केले, पण ते चौथ्या-पाचव्या साक्षीदाराचे काम होते. आधी बोलले ते त्याचे मोजे, त्याची पहाट आणि त्याचा डोळा.

ही खूण आहे तरी काय

आपली जवळजवळ प्रत्येक पेशी सतत एक काम करत असते. आत तयार होणाऱ्या प्रथिनांचे छोटे तुकडे ती आपल्या पृष्ठभागावर मांडते. टी-पेशी, म्हणजे पहारा करणाऱ्या पांढऱ्या पेशी, येऊन ते चाचपून पाहतात: ओळखीचा तुकडा असेल तर पुढे जातात, विषाणूचा असेल तर ती पेशी मारतात. हे तुकडे ज्या खाचेत बसवून दाखवले जातात ती खाच म्हणजे एचएलए प्रथिन. ते घडवणारी जनुके सहाव्या गुणसूत्रावर एकमेकांना खेटून बसलेली आहेत.

ही खाच माणसागणिक वेगळी असते, आणि माणसाच्या जनुकांत इतकी विविधता दुसऱ्या ठिकाणी क्वचितच आढळते. ज्याच्या खाचेत ज्या आकाराचे तुकडे बसतील, ते त्याच्या टी-पेशींना दिसणार. प्रथिने अमिनो आम्लांच्या मण्यांची माळ असतात. बी२७च्या खाचेला दुसऱ्या जागी आर्जिनिन हे अमिनो आम्ल असलेले तुकडे आवडतात, शेजारच्या माणसाच्या खाचेला दुसरेच काही. सगळ्या माणसांची खाच एकसारखी असती, तर त्या खाचेला चुकवायला शिकलेला एकच विषाणू सगळ्यांना पुरून उरला असता.

या प्रथिनांचा शोध लागला तो अवयवांच्या आणि रक्ताच्या देवघेवीतून. अनेकदा परक्याचे रक्त चढवलेल्या रुग्णांच्या रक्तात दुसऱ्यांच्या पांढऱ्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात, हे पाहून जाँ दोसे यांनी १९५८मध्ये अशी पहिली खूण ओळखली. त्यासाठी १९८०चे नोबेल त्यांना बेनासेराफ आणि स्नेल यांच्याबरोबर मिळाले. प्रत्यारोपणासाठी भावंडांचे एचएलए जुळवून पाहतात ते यामुळेच. ही जनुके खेटून असल्याने गठ्ठ्याने वारशात येतात: आईचा एक गठ्ठा, वडिलांचा एक. सख्ख्या भावंडांचे दोन्ही गठ्ठे जुळण्याची शक्यता चारात एक, एकच जुळण्याची निम्मी, एकही न जुळण्याची पुन्हा चारात एक.

आजाराशी धागा जुळला तो १९७३मध्ये, एकाच वर्षी दोन ठिकाणी. लंडनमध्ये ब्रुअर्टन आणि सहकाऱ्यांनी अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसचे ७५ रुग्ण तपासले. ७२ जणांत बी२७ निघाला. तुलनेसाठी घेतलेल्या ७५ लोकांत अवघ्या तिघांत. लॉस एंजेलिसच्या गटाला ४० रुग्णांपैकी ३५ जणांत तो सापडला. जनुकाची एक खूण आणि एक आजार यांचे इतके घट्ट नाते त्याआधी कोणी पाहिले नव्हते.

लंडनच्या त्याच अभ्यासात आणखी एक आकडा होता, जो फार कमी सांगितला जातो. रुग्णांचे ६० जवळचे नातेवाईकही तपासले होते, आणि त्यांतल्या ३१ जणांत बी२७ होता. म्हणजे निम्म्याहून जास्त. माझ्या समोरची बहीण ही त्या ३१ जणांच्या रांगेतली.

बहिणीचा कागद

तिला कोणी तपासणी सांगितली नव्हती. भावाचे निदान कळल्यावर घाबरून तिने स्वतःच रक्त दिले. दोन दिवसांनी अहवाल फोनवर आला, सोबत समजावणारे कोणी नाही. त्या रात्री तिने वाकलेल्या पाठींची छायाचित्रे पाहिली, मणके एकमेकांना चिकटून बांबूसारखे झालेले एक्स-रे पाहिले. दुसऱ्या दिवसापासून तिने पळणे सोडले. आठवड्यातून तीन-चारदा पाच किलोमीटर पळणारी मुलगी, पाठीला धक्का बसू नये म्हणून घरात बसली. ज्या आजाराच्या भीतीने ती बसली, त्या आजारात आम्ही रुग्णाला पहिली गोष्ट सांगतो ती हीच की बसू नका.

तिचे तीन प्रश्न होते. मला हे होणार का? माझ्या मुलांना होईल का? आणि तिसरा तिच्या आईच्या वतीने: हे आलं कुणाकडून?

पहिल्या प्रश्नासाठी मी कागदाच्या मागे एक चौकोन काढला. समजा हजार माणसे आहेत, अशा लोकसमूहातली जिथे बी२७ शंभरात आठ जणांत असतो. (सगळीकडे हे प्रमाण तेवढे नसते. जपानमध्ये ते शंभरात एकाहूनही कमी आहे, तर कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या हैदा लोकांत निम्म्यांच्या आसपास.) म्हणजे हजारात ८० जण बी२७वाले. त्या हजारांत हा आजार साधारण पाच जणांना. त्या पाचांपैकी चार-साडेचार बी२७वाले. म्हणून रुग्णांकडून पाहिले तर दिसते, "जवळजवळ सगळ्यांना बी२७!" आता चौकोनाच्या दुसऱ्या बाजूने पाहा: ८० बी२७वाल्यांपैकी ७५हून अधिक जण आयुष्यभर या आजाराविना जगतात.

ती बराच वेळ त्या चौकोनाकडे पाहत राहिली. मग तिने बरोबर तेच विचारले जे विचारायला हवे होते: "पण मी त्या ऐंशीतली कोणीही नाही ना, माझ्या भावाला आहे."

खरे आहे. सख्ख्या भावाला आजार आणि स्वतःला बी२७, अशा वेळी धोका वाढतो. पाच टक्क्यांऐवजी तो साधारण दहा ते वीस टक्के धरतात. हे लपवण्यात अर्थ नसतो. पण दहा-वीस टक्के याचा दुसरा अर्थ असा की तिच्यासारख्या दहा बहिणींपैकी आठ-नऊ जणींना हा आजार होत नाही. शिवाय हा आजार बहुधा विशी-तिशीत सुरू होतो आणि पंचेचाळिशीनंतर त्याची सुरुवात विरळा. ती २३ वर्षांची आहे. दुखण्याशिवाय जाणारे प्रत्येक वर्ष तिचा उरलेला धोका थोडा थोडा कमी करते.

मग दोघांत फरक कशाचा

हा भाग मला सगळ्यांत जास्त गुंतवून ठेवतो, म्हणून जरा थांबतो.

बी२७ हे एकच प्रथिन नाही, त्याचे बरेच उपप्रकार आहेत आणि सगळे सारखे धोक्याचे नाहीत. बी*२७:०५ आजाराशी ठळकपणे जोडलेला आहे. सार्डिनियात आढळणारा बी*२७:०९ त्याच्यापासून एकाच अमिनो आम्लाने वेगळा, खाचेच्या तळाशी ११६व्या जागी, आणि तो आजाराशी जोडलेला दिसत नाही. आग्नेय आशियातल्या बी*२७:०६ची कथा तशीच. एका खाचेतल्या एका अणुगटाच्या फरकाने इतका फरक पडतो हे पाहून वाटते, की खाचेत काय बसते यातच सगळे रहस्य असावे.

पण या दोन भावंडांना ते स्पष्टीकरण लागू पडत नाही. दोघांनी बी२७ एकाच पालकाकडून घेतला असेल तर उपप्रकारही तोच. भोवतीचा एचएलएचा गठ्ठाही बहुधा तोच. तरी एकाची टेप तेराला अडकते आणि दुसरीची पंधराच्या पुढे जाते.

फरक शोधायला सहाव्या गुणसूत्राबाहेर जावे लागते. पाचव्या गुणसूत्रावर ईआरएपी१ नावाचे जनुक आहे. त्याचे प्रथिन म्हणजे पेशीच्या आतली कात्री: एचएलएच्या खाचेत बसवण्याआधी ते प्रथिनांचे तुकडे योग्य लांबीचे कापते. या कात्रीचे काही प्रकार आजाराचा धोका वाढवतात, काही कमी करतात, आणि हा परिणाम मुख्यतः बी२७ असणाऱ्यांतच दिसतो. म्हणजे खाच आणि कात्री यांची जोडी महत्त्वाची. पहिल्या गुणसूत्रावरचे आयएल२३आर हे दाहाचे संदेश स्वीकारणारे जनुक, तेही धोक्याच्या यादीत आहे. ही जनुके एचएलएच्या गठ्ठ्याबरोबर येत नाहीत, प्रत्येक मुलात त्यांची वाटणी वेगळी होते. भावाला एक कात्री, बहिणीला दुसरी, असे सहज घडू शकते.

जनुकांवरच सगळे संपत नाही. १९९०मध्ये माणसाचा बी२७ उंदरांच्या मोठ्या भाईबंदांत, म्हणजे प्रयोगशाळेतल्या घुशीसारख्या रॅट प्राण्यांत, घातला गेला आणि त्यांना आपोआप सांध्यांचा आणि आतड्याचा दाह झाला. पुढे तसेच प्राणी पूर्णपणे जंतुरहित वातावरणात वाढवले, तर त्यांच्या आतड्यांना आणि सांध्यांना तो दाह झाला नाही. जनुक तेच होते. नव्हते ते आतड्यातले सूक्ष्मजीव. एकसारख्या जुळ्यांतही एकाला हा आजार असताना दुसऱ्याला तो दरवेळी होतोच असे नाही, आणि त्यांची तर सगळी जनुके सारखी असतात.

बी२७ नेमके काय बिघडवतो, यावर तीन विचार आहेत. एक, त्याच्या खाचेत जंतूचा आणि आपला असे सारखे दिसणारे तुकडे बसतात आणि टी-पेशी फसतात. दोन, हे प्रथिन पेशीच्या आत नीट घडी न होता अडकते आणि पेशीवर ताण येतो. तीन, त्याच्या सुट्या साखळ्या जोडीजोडीने पृष्ठभागावर येऊन दाह चेतवतात. २०२२मध्ये रुग्णांच्या सांध्यांतून आणि डोळ्यांतून मिळालेल्या टी-पेशींच्या, तुकडे ओळखणाऱ्या ग्राही प्रथिनांवर काम झाले. जंतूंचे आणि स्वतःच्या शरीराचे, दोन्हींचे तुकडे ती ओळखत होती. त्यामुळे पहिल्या विचाराला बळ मिळाले. डोळा आणि कंबर यांना एकाच धाग्यात बांधणारा हा पुरावा मला फार मोलाचा वाटतो. त्या डोळ्यांच्या डॉक्टरांचा प्रश्न आठवतो.

काय केले, काय केले नाही

बहिणीला तपासले. टेप पंधराच्या पुढे. छातीचा फुगाव भरपूर, टाचा मऊ, नखे स्वच्छ, त्वचेवर सोरायसिस नाही, पोटाची जुनी तक्रार नाही.

आईची इच्छा होती की एमआरआय काढून खात्री करावी. मी नाही म्हटले, आणि त्याचे कारण समजावून सांगायला अर्धा तास दिला. हौशी धावपटूंचे एमआरआय काढून पाहिलेले आहेत. काही दुखत नसताना त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या सॅक्रोइलिॲक सांध्यांभोवती आजारासारखी हाडातली सूज दिसते. बाळंतपणानंतरच्या स्त्रियांतही ती दिसते. हिचा एमआरआय काढला, त्यात पळण्यामुळे आलेला एखादा पांढरा डाग दिसला, शेजारी "बी२७ पॉझिटिव्ह" लिहिलेले असले, की निरोगी मुलीवर आयुष्यभराचे निदान चिकटणार. भावाच्या वेळी गादीचा फुगवटा पाहून चूक झाली होती. तीच चूक उलट्या दिशेने करायची नव्हती.

औषध नाही, पथ्य नाही, दर सहा महिन्यांनी तपासणी नाही. बी२७ असणाऱ्या निरोगी माणसाला आधीच औषध देऊन आजार टाळता येतो, असे कोणीही दाखवून दिलेले नाही. पळणे पुन्हा सुरू करायचे, धूम्रपानाच्या वाटेला जायचे नाही. आणि काही गोष्टी अंगावर काढायच्या नाहीत: तीन महिन्यांहून अधिक टिकणारी, सकाळी ताठरणारी आणि हालचालीने सुटणारी कंबर, सुजलेली टाच, एखादे बोट सगळेच्या सगळे फुगणे, लांबलेले रक्ती जुलाब. डोळा मात्र वेगळा. तो लाल झाला, दुखू लागला आणि उजेड टोचू लागला, तर त्याच दिवशी दाखवायचे.

एक गोष्ट मी तिला मुद्दाम सांगितली. हा आजार पुरुषांचा, असा समज डॉक्टरांतही खोल रुजलेला होता. एक्स-रेवर दिसण्याआधीच्या टप्प्यात स्त्री-पुरुषांचे प्रमाण जवळपास सारखे असते, तरी स्त्रियांचे निदान उशिरा होते. उद्या तिला असे दुखू लागले आणि कोणी "थकवा आहे" म्हणून वाटेला लावले, तर तिने स्वतःहून सांगायचे की सख्ख्या भावाला हा आजार आहे आणि मला बी२७ आहे. तिच्या कागदाचा खरा उपयोग त्या दिवशी होईल, आज नाही.

मुलांचा प्रश्न त्यामानाने सोपा होता. तिच्याकडे बी२७ची एक प्रत असेल तर प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी, आणि मिळालेल्यांपैकी फारच थोड्यांना आजार. गर्भावस्थेत तपासायची ही गोष्ट नाही.

कुणाकडून आले, हा प्रश्न सोपा नव्हता. आई म्हणाल्या, "माझ्या आईची पाठ वाकलेली होती, म्हणजे माझ्याकडूनच ना?" म्हातारपणी हाडे ठिसूळ होऊन पाठ वाकते, ते वेगळे आणि फार सर्रास दिसणारे. वडील काहीच बोलत नव्हते, हाताची बोटे मोडत बसले होते. दोघांपैकी कोणाची तपासणी करायची का, असे त्यांनी दाराशी जाता जाता विचारले. मी म्हटले, नको. दोघांची कंबर ठीक आहे, त्या उत्तराने मुलांच्या उपचारांत तसूभरही फरक पडणार नाही, फक्त एक जण घरात अपराधी होऊन बसेल.

मग मी त्यांना बी२७ची दुसरी बाजू सांगितली, जी बहुतेकांना माहीतच नसते. एचआयव्हीची लागण झालेल्यांत, औषधे नसतानाही, बी२७ असणाऱ्यांचा आजार सरासरीने सावकाश पुढे सरकतो. या खाचेत विषाणूच्या कवचातला असा तुकडा बसतो, जो बदलला तर विषाणूचेच नुकसान होते, म्हणून त्याला सहजासहजी लपता येत नाही. हिपॅटायटिस सीचा विषाणू शरीराने स्वतःहून हटवण्याची शक्यताही बी२७वाल्यांत जास्त असते. हे बिघडलेले जनुक नव्हे. जंतू पकडण्यात हुशार असलेली एक खाच, जी कधीकधी स्वतःच्या घरात हात घालते. आईंनी ते वाक्य दोनदा वदवून घेतले.

दुसऱ्या खुणा, दुसरे अर्थ

बी२७चे हे गणित सगळ्या एचएलए खुणांना लावून चालत नाही. अबाकाविर या एचआयव्हीवरच्या औषधाआधी बी*५७:०१ तपासतात. ती खूण असेल तर औषध द्यायचेच नाही, कारण जिवावर बेतणारी ॲलर्जी होऊ शकते. २००८मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीने ही तपासणी रुळवली. तिथे कागदावरचा एक शब्द थेट निर्णय देतो. सीलिॲक आजारात (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होते तो) नेमके उलटे: डीक्यू२ किंवा डीक्यू८ ही खूण लोकसंख्येच्या तिसऱ्या भागात तरी असते, त्यामुळे ती "आहे" कळून फारसे हाती लागत नाही. पण "नाही" आली तर तो आजार जवळजवळ बाद करता येतो. एकाच गुणसूत्रावरच्या, एकाच कुळातल्या खुणा, पण एकीचे "आहे" मोलाचे, दुसरीचे "नाही". बी२७चे मोल यांच्या मधले, आणि ते कागद कोणाच्या हातात आहे यावर ठरते.

पुढे

भावाला दाहशामक गोळ्या पुरेशा मात्रेत दिल्या, रोजचे व्यायाम शिकवले. एका गोळीने थोडा, दुसरीने आणखी थोडा फरक पडला, पण पहाटेची जाग सुटेना. डोळ्याचा दाह पुन्हा उलटला. मग सुप्त क्षयाची तपासणी करून टीएनएफ हे दाह चेतवणारे प्रथिन रोखणारी इंजेक्शने सुरू केली, डोळ्यालाही जपतील अशा प्रकारातली. तिसऱ्या महिन्यात त्याने मला सांगितले की आता मोजे उभ्याउभ्या घालतो. टेप साडेचौदा.

त्याच भेटीत त्याने विचारले, "सर, आता बी२७ पुन्हा तपासू का? निगेटिव्ह झाला असेल ना?" हा प्रश्न इतके जण विचारतात की तो मी येथे लिहून ठेवतो. नाही. ही खूण जन्मापासून मरेपर्यंत तीच राहते. औषधाने आजार दबतो, जनुक बदलत नाही. त्या तपासणीचे पैसे आयुष्यात एकदाच खर्च करायचे असतात, आणि तिच्यावरून आजार किती जोरात आहे तेही कळत नाही.

बहीण दीड वर्षाने आली. पळताना पाय मुरगळला होता, घोटा निळाकाळा. मी घोटा तपासला. बाहेरच्या बाजूचा अस्थिबंध ताणलेला, सांध्यात दाह नाही, टाच ठीक. पट्टी बांधली, तीन आठवडे पळणे बंद. निघताना ती दाराशी थांबली आणि म्हणाली, "हे त्या बी२७चं नाही ना?" नाही म्हटल्यावर तिने लगेच पुढचा प्रश्न विचारला: तीन आठवडे म्हणजे नक्की कुठल्या तारखेपासून पळायचं.